नायट्रोजनचा डबा, जोड असलेला स्फटिक आणि मामांचा बोअर

७ ऑक्टोबर २०२५ ला भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस. हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलात क्वांटम टनेलिंग होतं हे दाखवल्याबद्दल. तासाभरात फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड हजर : "आता माणूस भिंतीतून आरपार जाणार!!" खाली चार अंगठे, दोन हात जोडलेले, आणि कुणीतरी लिहिलेलं की हे आपल्या योग्यांना आधीच माहीत होतं.

तेव्हापासून ठरवलं होतं की एका वीकेंडला बसून यावर नीट लिहायचं. भिंतीतून कोण जातं, कसं जातं, आणि मुख्य म्हणजे त्याचा आपल्या वाशिम जिल्ह्याच्या काळ्या दगडाशी काही संबंध आहे का. (आहे. पण फॉरवर्डवाल्यांना आवडेल असा नाही.)

आधी टनेलिंग. आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. गोऱ्ह्याला धुरा ओलांडायचा तर उडी मारण्याइतका जोर पाहिजे. नसेल तर तो अलीकडेच उभा. इलेक्ट्रॉनचं तसं नाही, कारण तो कणासारखा कमी आणि लाटेसारखा जास्त वागतो. लाट भिंतीपाशी येऊन कचकन थांबत नाही, ती भिंतीच्या आत शिरते आणि विरत जाते. भिंत जाड असेल तर पार विरून जाते. पातळ असेल तर पलीकडच्या बाजूला थोडीशी उरते. ते जे थोडंसं उरतं, तेवढ्या शक्यतेने इलेक्ट्रॉन पलीकडे सापडतो. त्याने भिंत फोडलेली नसते, ओलांडलेलीही नसते.

पण हे विरणं भयंकर वेगाने होतं. नेहमीच्या धातूंच्या बाबतीत भिंत नॅनोमीटरच्या फक्त दहाव्या भागाने जाड केली, म्हणजे साधारण अर्ध्या अणूएवढी, की पलीकडे पोचणारा प्रवाह दहापटीने घटतो. आता नऊ इंची विटेची भिंत आणि सत्तर किलोचा माणूस घ्या आणि गणित करून बघा. तो आकडा लिहायला शून्यं पुरणार नाहीत. तेव्हा भिंतीला डोकं आपटू नये.

मग नोबेल कशाचं? त्यासाठी अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, मध्ये आणावा लागतो. साध्या तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन यात्रेतल्या गर्दीसारखे असतात, जो तो आपल्या वाटेने धक्के खात चाललेला. अतिवाहकात इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात आणि सगळ्या जोड्या एकाच ठेक्यावर चालतात. वारीतली दिंडी आठवा. टाळ एक, पाऊल एक. कुणी कुणाला धडकत नाही, म्हणून विरोध शून्य.

आता दोन दिंड्या शेजारी शेजारी, मध्ये एक-दोन नॅनोमीटरची भिंत. १९६२ मध्ये केंब्रिजचा २२ वर्षांचा विद्यार्थी ब्रायन जोसेफसन याने कागदावर दाखवलं की नुसते सुटे इलेक्ट्रॉनच नाही, तर अख्ख्या जोड्या या भिंतीतून जातील, आणि तेही व्होल्टेज न लावता. प्रवाह किती, हे ठरणार दोन्ही बाजूंच्या ठेक्यातल्या फरकावर. जॉन बार्डीन यांनी, म्हणजे ट्रान्झिस्टरवाल्या आणि अतिवाहकतेचा सिद्धांत मांडणाऱ्या बार्डीननी, हे शक्य नाही म्हणून विरोध केला. १९६३ मध्ये बेल लॅबमध्ये अँडरसन आणि रॉवेल यांनी प्रयोग करून दाखवला. पोरगा बरोबर निघाला. १९७३ मध्ये त्याला नोबेल. या भिंतीसकटच्या सँडविचला तेव्हापासून जोसेफसन जंक्शन म्हणतात.

यातले क्लार्क मला सगळ्यात आवडतात. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्येच पीएचडी करताना या माणसाने जंक्शन बनवलं कसं, तर नायोबियमच्या तारेवर सोल्डरचा एक गोळा टाकून! सोल्डरमधलं शिसं-कथील थंड केल्यावर अतिवाहक होतं, नायोबियमही होतं, आणि तारेवर आपोआप आलेला ऑक्साइडचा थर म्हणजे मधली भिंत. इंजिनिअरिंगला असताना आपण जो सोल्डरचा गोळा पाडून लॅब असिस्टंटच्या शिव्या खाल्ल्या, तोच गोळा. त्यातून त्यांनी एक अत्यंत संवेदनशील व्होल्टमीटर केला.

मग १९८४-८५ मध्ये बर्कलीला क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांनी वेगळा प्रश्न विचारला. एक जोडी भिंतीतून जाते हे ठीक. पण जंक्शनमधल्या अब्जावधी जोड्यांचा मिळून जो एक सामायिक ठेका आहे, तो ठेकाच टनेल करतो का? म्हणजे दिंडीतला एक वारकरी नव्हे, अख्खी दिंडी एकदम. त्यांनी जंक्शन थंड करत नेलं आणि ते एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत किती वेळाने उडी मारतं ते मोजलं. सुरुवातीला थंड केलं की उड्या कमी होत जातात, कारण उष्णतेचा धक्का कमी मिळतो. पण एका तापमानाखाली कितीही थंड करा, उड्यांचं प्रमाण बदलेचना. याचा अर्थ उष्णता आता ढकलत नव्हती. ठेका धुऱ्यावरून नाही, धुऱ्यातून जात होता.

याच देव्होरेंकडे येल विद्यापीठात पीएचडी केलेले आर. विजयराघवन मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये अशाच जंक्शनांवर क्वांटम संगणकाचे क्युबिट बनवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा, टीआयएफआर आणि टीसीएस यांनी मिळून ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी केल्याचं जाहीर केलं. क्युबिट टीआयएफआरमध्ये घडवलेले, नियंत्रणाची यंत्रणा पुण्याची. त्यातली भिंत म्हणजे ॲल्युमिनियमवर मुद्दाम ऑक्सिजन सोडून उगवलेला ऑक्साइड. हे सगळं चालतं शून्य अंश केल्व्हिनच्या अगदी उंबऱ्यावर, एका केल्व्हिनच्या शंभराव्या भागाच्या आसपास.

इथपर्यंतचं सगळं अतिशीत आणि अतिमहाग जगातलं. आता वाशिमकडे येऊ.

लहानपणी गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ॲल्युमिनियमचा एक गोल डबा असायचा. दुधाच्या कॅनसारखा, पण बूच थर्माकोलसारखं जाड. गाय माजावर आली की डॉक्टर तो उघडायचे, पांढरा धूर बाहेर सांडायचा, आणि त्या धुरातून चिमट्याने एक बारीक नळी निघायची. कृत्रिम रेतनाची स्ट्रॉ. आम्ही पोरं गाय सोडून धूर बघायला जायचो. तो धूर म्हणजे द्रवरूप नायट्रोजनमुळे गोठलेली हवेतली वाफ. उणे १९६ अंश सेल्सिअस, म्हणजे ७७ केल्व्हिन. आजही तालुक्या-तालुक्यात, कारंजापासून रिसोडपर्यंत, असे डबे मोटारसायकलवरून फिरतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, त्यामुळे तो काही दुर्मिळ माल नाही. याउलट जुन्या नायोबियमच्या जंक्शनला लागतो द्रवरूप हेलियम, ४.२ केल्व्हिनचा, जो आपण बाहेरून मागवतो आणि जपून जपून वापरतो.

या दोन आकड्यांमधलं अंतर १९८७ मध्ये तुटलं. १९८६ मध्ये झ्युरिकला आयबीएमच्या बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडच्या एका सिरॅमिकमध्ये, म्हणजे जवळजवळ कपबशीच्या जातीच्या पदार्थात, तोवरच्या सगळ्या उच्चांकांपेक्षा जास्त तापमानाला अतिवाहकता शोधली. काही महिन्यांत अमेरिकेतल्या चू आणि वू यांच्या गटांनी यिट्रियम-बेरियम-तांबे-ऑक्सिजनचा पदार्थ केला, त्याला वायबीसीओ म्हणतात. तो ९२-९३ केल्व्हिनलाच अतिवाहक होतो. ९२ हा ७७ पेक्षा मोठा आकडा आहे! वायबीसीओचा तुकडा आमच्या डॉक्टरांच्या डब्यात सोडला असता तर तो वळूच्या स्ट्रॉशेजारी निवांत अतिवाहक झाला असता. १८ मार्च १९८७ ला न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात भौतिकशास्त्रज्ञ रात्रभर याच विषयावर बोलत बसले होते. तरंगत्या रेल्वे, गळती नसलेल्या विजेच्या तारा, सगळी स्वप्नं त्या रात्रीची.

चाळीस वर्षं होत आली. अकोला-पूर्णा लाइनवर गाड्या रुळांवरूनच धावतात, आणि विजेची गळती... असो.

पण एक गोष्ट झाली, आणि ती मला तरंगत्या रेल्वेपेक्षा जास्त भारी वाटते.

नायोबियममध्ये जोडीतले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून साधारण ४० नॅनोमीटर अंतरापर्यंत पसरलेले असतात. त्यामुळे भिंतीजवळचे दोनचार अणू इकडेतिकडे झाले तरी जोडीला पत्ताही लागत नाही. वायबीसीओमध्ये हेच अंतर दीड-एक नॅनोमीटर आहे, आणि एका दिशेने तर त्याहून कितीतरी कमी, अणूअणूमधल्या अंतराएवढं. म्हणजे भिंतीच्या कडेला एक अणू जरी चुकला, ऑक्सिजन जरा उडाला, की तिथली अतिवाहकता मेली. त्यात हा थर उगवायचा ७००-८०० अंश सेल्सिअसला. अशा भट्टीत वायबीसीओ, त्यावर नॅनोमीटरभर भिंत, त्यावर परत वायबीसीओ असं नीटस सँडविच करणं म्हणजे उकळत्या कढईत रांगोळी काढणं. नायोबियमचं तंत्र इथे साफ आपटलं.

वाट निघाली ती खोटीतून. सिरॅमिक म्हणजे बारीक बारीक स्फटिककणांचा गोळा. प्रत्येक कणातल्या अणूंच्या ओळी वेगळ्या दिशेला. दोन शेतं दोन दिशांनी नांगरली तर मधे धुऱ्यापाशी तासं जशी एकमेकांना तिरपी भिडतात, तशा या ओळी कणांच्या सीमेवर भिडतात. त्या सीमेवर जोड्यांना त्रास होतो. आयबीएममध्ये डिमॉस, मानहार्ट आणि आयआयटी खरगपूरचे प्रवीण चौधरी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे पद्धतशीर मोजलं. दोन स्फटिक ठरावीक कोनात जोडून त्यावर वायबीसीओचा थर उगवला, की थरातही त्याच कोनाची सीमा तयार होते. कोन जसा वाढतो तसा सीमेपलीकडे जाऊ शकणारा प्रवाह झपाट्याने कोसळतो.

तार बनवणाऱ्यांसाठी ही वाईट बातमी होती. किलोमीटरभर तारेत सगळे कण दोन-चार अंशांच्या आत एका ओळीत आणायचे म्हणजे कर्मकठीण काम, आणि त्यातच पुढची वीस वर्षं गेली. पण जंक्शनवाल्यांनी तेच आकडे उलटे वाचले. दोन अतिवाहक, मध्ये नॅनोमीटरभर रुंदीची कमकुवत जागा... अरे, हे तर आपल्याला पाहिजे तेच! २४ किंवा ३० अंशांचा कोन द्या, थर उगवा, सीमेवर अरुंद पूल कोरा, झालं जोसेफसन जंक्शन. भिंत बांधायचीच नाही. जोडातली खोट हीच भिंत.

आमच्या धंद्यात "इट्स नॉट अ बग, इट्स अ फीचर" हा विनोद रिलीजच्या आदल्या रात्री मॅनेजरला सांगायला वापरतात. इथे ते अक्षरशः खरं आहे.

अशी दोन जंक्शनं एका वेटोळ्यात बसवली की होतो स्क्विड. (समुद्रातला नव्हे.) वेटोळ्यातून चुंबकीय बलरेषा गेल्या की दोन्ही वाटांनी येणाऱ्या ठेक्यांत फरक पडतो आणि प्रवाह कमी-जास्त होतो. एका पूर्ण आवर्तनाला लागणारं चुंबकत्व निसर्गाने ठरवून दिलंय, त्याला फ्लक्स क्वांटम म्हणतात. केवढं? आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीसेक मायक्रोटेस्ला आहे. त्या क्षेत्रात एक क्वांटम मावायला ७ मायक्रोमीटर बाजूचा चौकोन पुरतो, केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा. आणि स्क्विड अशा एका क्वांटमच्या लाखाव्या भागापर्यंतचा बदल ओळखतो. हृदयाच्या ठोक्यामुळे छातीबाहेर तयार होणारं चुंबकत्व पृथ्वीच्या क्षेत्राच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास असतं. ते मोजणं स्क्विडला जड नाही.

आणि वायबीसीओचा स्क्विड चालतो कशावर? गाईच्या डॉक्टरांच्या डब्यातल्या द्रवावर.

हे सगळं मी दिवाळीत मामांकडे, मालेगाव तालुक्यात, जरा जास्तच रंगून सांगत होतो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहून रे, तुह्या त्या क्वांटमनं बोअरले पानी लागन का?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. मामांचे दोन बोअर कोरडे गेलेत. एक पाणाड्याने नारळ उभा राहिला म्हणून दाखवलेल्या जागी, दुसरा एका पायाळू माणसाने सांगितलेल्या जागी. दोन्ही वेळा गाडीवाल्याने फुटावर पैसे घेतले, धूळ उडाली, आणि पाइपातून पीठ बाहेर आलं. सोयाबीननंतर हरभऱ्याला दोन पाणी मिळणार की नाही, हे त्या पाइपावर ठरतं. मुलीच्या फीचं पण. तेव्हा मी पुण्याला आल्यावर चार शनिवार या एका प्रश्नावर घालवले.

आधी जमिनीखाली काय आहे ते. आपला जिल्हा लाव्हाच्या थरांवर बसलाय. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ-पोकळ, खालचा भाग घट्ट काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा. पाणी घट्ट पाषाणात नसतंच. ते असतं भेगांत, झिजलेल्या मुरमात आणि थरांच्या सांध्यांत. म्हणजे इथेही पाणी जोडातच! त्यामुळे एका धुऱ्यावर बोअर वाहतो आणि वीस पावलांवर दुसरा ठणठणीत कोरडा जातो. यात पाणाड्याचा दोष कमी, दगडाचा स्वभाव जास्त.

आता मोजायचं कसं. जमिनीवर शंभर-शंभर मीटरचा चौकोन करून वायर टाकतात, तीत प्रवाह सोडतात आणि एकदम तोडतात. तोडल्याबरोबर जमिनीत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि विरत खाली जातात. चांगली वाहक वस्तू खाली असेल तर ते सावकाश विरतात. या विरण्याचा आलेख वर बसून काढायचा. साधं तांब्याचं वेटोळं चुंबकत्व किती वेगाने बदलतंय ते मोजतं. विरणं सावकाश झालं की वेग जवळजवळ शून्य, आणि वेटोळं बहिरं होतं. स्क्विड मात्र वेग मोजत नाही, थेट चुंबकत्वच मोजतो, म्हणून त्याला शेवटचं पुटपुटणंसुद्धा ऐकू येतं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत कॅथी फोली, कीथ लेस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हे यंत्र बनवलं. लँडटेम त्याचं नाव. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडच्या तुकड्यावर एक पायरी कोरतात, त्यावर वायबीसीओ उगवतात, पायरीपाशी कणांची सीमा आपोआप पडते, आणि तेच जंक्शन. नायट्रोजन भरून यंत्र रानात न्यायचं. निकेलचे आणि चांदीचे खोल साठे त्याने शोधून दिलेत. फोलीबाई पुढे २०२१ ते २०२४ ऑस्ट्रेलियाच्या मुख्य वैज्ञानिक होत्या.

हे वाचल्यावर मी दोन दिवस हवेत होतो. मामांच्या शेतात वायर, डॉक्टरांकडून नायट्रोजन, मध्ये स्क्विड! मग आकडे मांडून बसलो आणि उत्तर आलं : नाही.

एक तर स्क्विडचा फायदा आहे उशिरा येणाऱ्या संदेशात. म्हणजे शेकडो मीटर खोल आणि धातूच्या खनिजासारखी जोरदार वाहक वस्तू असेल तेव्हा. मामांना पाणी पाहिजे दोन-तीनशे फुटांच्या आत. तिथला कोरडा बसाल्ट वीज फारशी वाहू देत नाही, भोवरे काही क्षणांत विरतात. या घाईच्या संदेशाला तांब्याचं वेटोळं उत्तम चालतं, उलट प्रवाह तोडल्या क्षणीचा धक्का स्क्विडलाच सोसत नाही. दुसरं, बसाल्टपासून झालेल्या मातीत लोहाच्या ऑक्साइडचे इतके बारीक कण असतात की प्रवाह तोडल्यावर त्यांचं चुंबकत्व हळूहळू ओसरतं, आणि यंत्राला वाटतं खाली काहीतरी वाहक आहे. म्हणजे आपली काळी माती स्वतःच खोटी साक्ष देऊ शकते. आणि तिसरं, जे कुठल्याच चुंबकमापकाने सुटत नाही : वीज चांगली वाहते म्हणजे पाणी आहे असं नव्हे. ओली चिकणमाती पाण्याने भरलेल्या भेगेपेक्षाही चांगली वाहक दिसते, आणि चिकणमातीतून बोअरला थेंब येत नाही.

पाण्यासाठी जे खरोखर झालंय ते बिनस्क्विडचंच आहे. २०१३-१४ च्या सुमारास केंद्रीय भूजल मंडळासाठी हैदराबादच्या एनजीआरआयने देशातल्या सहा ठिकाणी भूजलाचे नकाशे केले, त्यातलं एक नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागा खोरं. तिथेही असाच बसाल्ट. तिथे हेच वायरचं तंत्र हेलिकॉप्टरला टांगून वापरलं, आणि ऐकायला होती तांब्याची वेटोळी. एका शेतासाठी तर त्याहून साधं काम आहे. चार लोखंडी खुंट्या ठोकून प्रवाह सोडायचा, विरोध मोजायचा, खुंट्या लांब लांब नेत परत मोजायचं. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे लोक कित्येक वर्षं हे करतात. तेही शंभर टक्के सांगत नाहीत. पण घट्ट पाषाण कुठे आहे, म्हणजे कुठे बोअर मारूच नये, हे बऱ्यापैकी कळतं. कोरड्या बोअरच्या हिशोबात हे "कुठे नाही" फार महाग असतं.

मग उच्च तापमानाच्या जंक्शनांमधलं टनेलिंग नुसतं खाणवाल्यांच्या कामाचं? तसंही नाही. २००५ मध्ये त्यात एक मजेदार गोष्ट घडली. या पदार्थांतल्या जोड्या सगळ्या दिशांना सारख्या घट्ट नसतात, काही दिशांना त्यांचं बंधन पार शून्य होतं. १९९४ मध्ये त्सुई आणि किर्टली यांनी तीन स्फटिकांच्या जोडावर अर्धा फ्लक्स क्वांटम अडकलेला दाखवून हा स्वभाव पकडला होता. त्यामुळे समजूत अशी की त्या सैल दिशांमधून सुटे इलेक्ट्रॉन निसटत राहणार, घर्षण होणार, आणि अख्ख्या ठेक्याचं टनेलिंग इथे दिसणार नाही. पण २००५ मध्ये स्वीडन-इटलीच्या गटाला ते वायबीसीओच्या कणसीमेवर दिसलं, केल्व्हिनच्या काही शतांशांवर. आणि त्याच वर्षी जपानमध्ये बिस्मथच्या एका तशाच ऑक्साइडमध्ये दिसलं. हा स्फटिक मूळचाच चिरोट्यासारखा. दर दीड नॅनोमीटरवर अतिवाहक पापुद्रा, मध्ये भिंत, म्हणजे निसर्गानेच रचलेली जंक्शनांची चवड. तिथे ठेक्याचं टनेलिंग एका केल्व्हिनच्या आसपासपासून सुरू होतं. आधीच्या जंक्शनांच्या मानाने हे चक्क गरम!

तरी म्हणून कुलाब्याचे क्युबिट उद्या नायट्रोजनच्या डब्यात जाणार नाहीत. क्युबिट ज्या ५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो, त्या ऊर्जेचं तापमान काढलं तर येतं जेमतेम पाव केल्व्हिन. पदार्थ ९२ ला अतिवाहक असो की १ ला, पाव केल्व्हिनपेक्षा गरम जागेत उष्णताच क्युबिट ढवळून काढणार. फ्रिज सुटत नाही. मग अॅल्युमिनियमची साधी, स्वच्छ भिंतच बरी.

मागच्या रविवारी मामांना फोनवर एवढं सगळं सांगितलं. अर्थात चिरोटे आणि क्युबिट वगळून. खुंट्यावाला सर्व्हे करा, तोही जागा हमखास दाखवणार नाही, पण कुठे मारू नका ते सांगेल, असं म्हणालो. पलीकडे जरा वेळ शांतता.

"एवढं शिकून तू बी नारयवालाच निंगाला लेका," मामा म्हणाले. मग विचारलं, "त्या खुंट्या ठोकाले कोन येते, त्याचा नंबर पाठव."